एमडीची सवय मशीनने सुटेल का?

प्रश्न : माझा लहान भाऊ २७ वर्षांचा आहे, घणसोलीला आमच्यासोबतच राहतो. सरकारी एआरटी सेंटरमधून त्याच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, पण मित्रांच्या नादाने एमडीची (मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीची) सवय लागली आणि आता गोळ्याही बुडवतो. ठाण्याच्या एका क्लिनिकवाल्यांनी सांगितलं की डोक्याला मशीन लावून वीस सिटिंगमध्ये नशा कायमची सुटते. आई गळ्यातलं मोडायला निघालीये. हे शॉक देणं असतं का? आणि एचआयव्हीचं तिथे सांगायचं का?

उत्तर : ताई, आईला म्हणावं सोनं राहू दे कपाटात. हा शॉक नाही, टीएमएस म्हणतात त्याला. डोक्यावर कॉइल धरतात, तिच्यातून चुंबकीय ठोके मेंदूच्या पुढच्या भागाला जातात, जिथून आपण मोह आवरतो त्या भागाला, भूल वगैरे काही नाही, माणूस जागा असतो, टकटक ऐकू येते, सहसा थोडं डोकं दुखतं एवढंच. मशीन खोटी नाहीये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, २००८ मध्ये डिप्रेशनसाठी आणि २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी तिला परवानगी दिली, पण कोकेन, मेथ वगैरेसाठी दिलेली नाही. त्यावरचे प्रयोग बहुतेक छोटे, कुठे तलफ कमी झाली तर कुठे नुसती नावाला मशीन लावलेल्यांइतकाच फरक पडला, आणि एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांवर तर अजूनच कमी काम झालंय. त्यामुळे ‘कायमची सुटते’ म्हणणारा सरळ माल विकतोय.

एचआयव्ही आहे म्हणून टीएमएस करता येत नाही असं नाही. पण फिट येण्याची थोडी भीती असते आणि एमडी, रात्र रात्रभरचं जागरण, दारू, पूर्वी मेंदूत टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन होऊन गेलेलं असलं तर ती वाढते, डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल तर मशीन लावतच नाहीत. म्हणून तिथल्या डॉक्टरला सगळं सांगायचं, शेवटचं एमडी कधी घेतलं तेसुद्धा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने त्याचं स्टेटस गुप्त ठेवायला ते बांधील आहेत, उगाच घाबरू नका. आणि एआरटीच्या डॉक्टरलाही एमडीचं सांगा, कारण गोळ्यांमध्ये रिटोनाविर नावाचं औषध असेल तर अशा काही नशा रक्तात धोकादायक वाढतात.

माझ्या मते पहिली काळजी बुडालेल्या गोळ्यांची. मधेमधे खंड पडला की व्हायरस औषधाला दाद देईनासा होतो, म्हणून या आठवड्यातच भावाला सेंटरला न्या आणि व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ती तपासणी) करायचाय म्हणून सांगा, तिथे त्याला पैसे पडत नाहीत. तिथल्या काउन्सिलरला सगळं माहीत असतं, रागावतील या भीतीने पोरं जातच नाहीत, तिथेच घोळ होतो.

नशेसाठी सध्या सगळ्यात भरवशाचा उपाय ऐकायला पोरकट वाटेल, लघवीची टेस्ट क्लीन आली की लगेच छोटं बक्षीस, सोबत काउन्सेलिंग. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या मानसोपचार तज्ज्ञाला याबद्दल विचारा. टीएमएस त्यांनीच सुचवलं तर जोडीला करून बघायला हरकत नाही, फक्त पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. एचआयव्हीबद्दल काही अडलं तर १०९७ हा फुकट नंबर आहे, नाव न सांगताही बोलता येतं.