ऊहापोह : अर्थ आणि फोड

‘ऊहापोह म्हणजे चर्चाच ना? मग त्यातला “पोह” काय आहे?’ असा प्रश्न आला आहे.

‘पोह’ असा शब्दच नाही. फोड आहे ऊह + अपोह. ऊह म्हणजे तर्क, हाताशी असलेल्या गोष्टींवरून नसलेली ताडणे. अपोह (अप + ऊह) म्हणजे न टिकणारा तर्क बाजूला सारणे.

ऊह ही काय चीज आहे, ते यज्ञकर्मात फार सुंदर दिसते. अग्नीसाठी हविर्द्रव्य (आहुतीचे धान्य) काढून घेताना ‘अग्नये त्वा जुष्टं निर्वपामि’ असा मंत्र म्हणतात. तेच कर्म सूर्यासाठी करायचे असेल, तर याज्ञिकाने स्वतः ‘अग्नये’च्या जागी ‘सूर्याय’ घालायचे. या बदलाला ऊह म्हणतात. वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा नववा अध्याय याच विषयाचा. पतंजलीनेही महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात व्याकरण शिकण्याची प्रयोजने सांगताना वेदरक्षणाच्या पाठोपाठ ऊहच घेतला आहे. खरेच, चतुर्थी विभक्ती (‘-साठी’ या अर्थाची) चालवता येत नसेल तर अग्नीच्या जागी सूर्य आणणार कसा?

अपोहावर तर बौद्ध आचार्य दिङ्नागाने अर्थाचा सिद्धान्तच उभा केला : ‘गाय’ म्हटले की जे जे गाय नाही ते वगळले जाते, तेवढाच त्या शब्दाचा अर्थ.

पण आपला जोडशब्द समजायला मला कौटिल्य सर्वांत जवळचा वाटतो. अर्थशास्त्रात राजाच्या प्रज्ञेचे गुण तो असे मांडतो : शुश्रूषा (इथे ऐकण्याची इच्छा), श्रवण, ग्रहण, धारण, विज्ञान (इथे नीट समजणे), ऊह, अपोह, तत्त्वाभिनिवेश. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ऐकायचे, लक्षात ठेवायचे, समजून घ्यायचे. मग तर्क लढवायचा, चुकीचा टाकायचा आणि उरेल त्या तत्त्वाला धरून राहायचे.

म्हणून ऊहापोह आणि चर्चा एक नव्हेत. चार जणांनी आपापली मते मांडली, तर ती चर्चा. कोणते मत का टिकत नाही, हेही तपासले गेले तर ऊहापोह. आणि तो एकट्याने, मनाशीही करता येतो. हिंदीत हाच शब्द ‘करू की नको’ अशा घालमेलीसाठी सर्रास वापरतात. तो अर्थ मराठीत आणू नये असे माझे मत आहे; त्यासाठी आपल्याकडे ‘द्विधा’ आहे, ‘घालमेल’ आहे.

शब्द पुल्लिंगी : ‘सविस्तर ऊहापोह केला’. तत्सम असल्यामुळे पहिला ऊ दीर्घच. ‘उहापोह’ छापलेले पुष्कळदा दिसते, पण ते चूक.