सगळंच बॉर्डरलाइन आहे, मग काळजी कशाला?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर ४४ वर्षांचे, वजन फक्त ६८ किलो, हातपाय बारीक पण पोट सुटलंय. ऑफिसच्या चेकअपमध्ये उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३६, बीपी १३४/८६ आलं आणि खाली मेटाबॉलिक सिंड्रोम असं लिहिलंय. हे म्हणतात सगळं बॉर्डरलाइन आहे, डायबेटिस तर नाही ना. सासूबाई म्हणतात पोट म्हणजे खात्यापित्या घरचं लक्षण. हा नक्की कुठला आजार?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण "बॉर्डरलाइन आहे" म्हणून कपाटात गेलेले रिपोर्ट मी रोज बघते आणि मला खरंच वाईट वाटतं. हा एक वेगळा आजार नाही, पाच गोष्टींचा गट आहे. पोटाचा घेर (आपल्याकडे पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० किंवा जास्त), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या कुठल्याही तीन असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. तुमच्या मिस्टरांच्या घेर न मोजताच चार झाल्या, आणि २१२ ट्रायग्लिसराइड बॉर्डरलाइन नाहीच, ते जास्तच आहे.

घेर पँटच्या नंबरावरून धरू नका, पट्टा पोटाच्या खाली बांधतात सगळे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडल्यावर मोजा.

आता बारीक माणसाला हे कसं? पोटाच्या आत, लिव्हरभोवती आणि लिव्हरमध्ये चरबी साठली की साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर चढते, मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं, लिव्हर जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं, एचडीएल उतरतं, किडनी मीठ धरून ठेवते आणि बीपी चढतं. म्हणजे चारही आकडे एकाच मुळातून येतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या लोकांचं हे असंच आहे, त्यामुळे वजनकाट्यावर विसंबू नका.

याच्यामुळे डायबेटिसचा धोका साधारण पाचपट आणि हार्ट अटॅक-स्ट्रोकचा दुप्पट होतो, फॅटी लिव्हर असतंच बऱ्याचदा. म्हणून फिजिशियनना दाखवा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिव्हरच्या टेस्ट करून घ्या, बीपी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, गोळी लागेल का ते तेच ठरवतील. मिस्टर रात्री जोरात घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

घरात काय करायचं तर चार-पाच किलो कमी करायचेत, बस. ताटात भात-चपाती अर्धी करून उसळ, डाळ, अंडं, कोशिंबीर वाढवा, चहाबरोबरची खारी-फरसाण बंद, आणि उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी समजू नका, ती मुख्यतः स्टार्च आणि तूप आहे. दारू आणि सिगरेट असेल तर तीही सोडायला लावा. रोज अर्धा तास भरभर चालणं, तुम्हीपण बरोबर जा. अमेरिकेत साखर वाढत चाललेल्या लोकांनी जवळपास एवढंच केलं, तेव्हा साधारण तीन वर्षांत त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण तसं न करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट परत करा, आणि टेप घेऊन बसाल तेव्हा स्वतःचाही घेर मोजा.