कोंबडीला बल्ब नको

प्रश्न : आमच्याकडे तीन तपकिरी कोंबड्या आहेत. दोन वर्षांपूर्वी तलंगा असताना आणल्या. मुलांनी त्यांना नावं ठेवलीत, त्यामुळे कापायचा प्रश्नच नाही. पहिलं वर्ष जवळजवळ रोज अंडं मिळायचं. आता आठवड्याला दोन-तीन, आणि त्यातलं एखादं कवच नसलेलं, पिशवीसारखं लिबलिबीत. शेजारी म्हणतात, खुराड्यात रात्री बल्ब लावा, अंडी वाढतील. लावावा का? आणि त्या जास्त वर्षं जगाव्यात म्हणून काय करावं?
एक वाचक, माशेल

उत्तर : बल्ब नकोच. शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही; कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड दिला की ती जास्त अंडी देते. पोल्ट्रीवाले लावतात ते त्यासाठीच. पण त्यांना कोंबडी दीड-दोन वर्षं सांभाळायची असते, तुम्हाला तिला म्हातारी झालेली बघायची आहे. आपल्याकडे गोव्यात डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास येतो. त्या सुमारास कोंबड्या अंडी कमी करतात, पिसं टाकतात, अंगावर मांस धरतात. ही त्यांची हक्काची रजा. बल्ब लावून ती हिरावू नका.

तपकिरी संकरित कोंबडीकडून वर्षाला तीनशेच्या वर अंडी निघतात. गावठी कोंबडी साठ-ऐंशी देते, मध्येच खुडूक होऊन बसते आणि अंगाला विश्रांती मिळवते. संकरित जातीतून हा खुडूकपणा माणसानेच निवडून निवडून घालवला. म्हणून तिच्यात अंडाशयाचे आणि अंडनलिकेचे आजार फार, आणि अनेकींचा शेवट त्यातच होतो. नीट सांभाळलेली गावठी सात-आठ वर्षं सहज काढते. तुमच्या तिघींनी पाच-सहा काढली तरी उत्तम म्हणेन. दोन वर्षांनी अंडी कमी झाली ही वाईट बातमी नव्हे.

लिबलिबीत अंडं मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि कवच चढतं ते मुख्यतः रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. तेव्हा पोटात चुना नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्या संध्याकाळी द्या. त्या आपल्याकडे विकत घ्यायची गरजच नाही. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) जेवणात झाल्या की त्यांच्या शिंपल्या उकळायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि दगडाने फोडायच्या, पीठ होऊ द्यायचं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, बराच वेळ टिकतात आणि रात्रभर विरघळत राहतात. पीठ लगेच पुढे सरकतं. वेगळ्या वाडग्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती खाईल. मूळ खाद्य मात्र लेयर फीड, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्यच हवं, दिवसाला एकीला सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. पिशवी ओलीत ठेवू नका. पावसाळ्यात खाद्याला बुरशी येते आणि तिच्या विषाने यकृत जातं. वास आला की फेकून द्या, डोळ्यांदेखत पैसे गेले तरी.

एप्रिल-मेमध्ये कवच पातळ झालं तर शिंपल्यांना दोष देऊ नका. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. तिला माडाखालची सावली आणि दुपारी पुन्हा भरलेलं गार पाणी द्या.

आठवड्यातून एकदा प्रत्येकीला हातात घ्या. शेपटीखाली, दोन पायांच्या मध्ये तळवा लावून पोट चाचपा. मऊ आणि हलकं लागलं तर ठीक. कडक गोळा लागला आणि ती सारखी कुंथत असेल तर अंडं अडकलंय. कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. त्याच दिवशी सुटलं नाही तर पशुवैद्यांकडे न्या. स्वतः बोट घालून अंडं फोडायला जाऊ नका. आणि पोट पाण्याच्या फुग्यासारखं डचमळलं, कोंबडी ताठ उभी राहून फेंगडी चालू लागली, तर बलक पोटात उतरलाय समजा. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा.

प्रश्न : पोदेराचे (पाववाल्याचे) शिळे उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पेज घातली तर चालते ना? आणि लस खरंच लागते का? कोंबड्या घरच्याच आहेत, बाहेर जात नाहीत.
एक वाचक, साखळी

उत्तर : उंडा चिमूटभर, लाड म्हणून. पोट भरेल, पण अंगाला चरबीशिवाय काही लागणार नाही. चरबी चढलेल्या कोंबडीला अंडं अडकायचा धोका जास्त. पिसं टाकताना तिला प्रथिनं हवीत, तेव्हा गालमो (सुकी बारीक कोळंबी) द्या, पण धुऊन, खारटपणा घालवून.

लस लागतेच. राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू तुमच्या चपलेला लागून किंवा बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीबरोबर अंगणात येतो, आणि आल्यावर औषध नाही. अडचण एवढीच की लसीची कुपी साधारण शंभर मात्रांची असते आणि पातळ केल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती फोडायला कोणालाही जिवावर येतं. तेव्हा वाड्यावरच्या सगळ्यांना गोळा करा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून पाऊस लागण्यापूर्वीचा दिवस ठरवा. कुपी बर्फात आणायची, कोंबड्या आदल्या रात्रीच डालून ठेवायच्या. सकाळी माडाभोवती त्यांच्यामागे धावत बसलात तर लस वाया जाते. आजारी दिसणारीला त्या दिवशी टोचू नका.