वाचकांचे प्रश्न : दोन लेझर डायोड एकत्र आणताना

प्रश्न : मी घरी कोरीवकामाचे छोटे यंत्र बांधले असून त्यावर सुमारे 5 वॉट प्रकाशशक्तीचा, 450 नॅनोमीटरचा निळा लेझर डायोड बसवला आहे. 3 मिलिमीटरचे प्लायवूड कापायला तीन-चार फेऱ्या लागतात. तसाच दुसरा डायोड शेजारी तिरका बसवून दोन्ही झोत एकाच बिंदूवर पाडले, तर काम निम्म्या वेळात होईल का? शिवाय आडवी रेघ बारीक आणि उभी रेघ जाड का उमटते?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. या शक्तीच्या डायोडमध्ये प्रकाश बिंदूतून बाहेर पडत नाही. तो काही दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि जेमतेम एक मायक्रॉन रुंद अशा फटीतून पडतो. लाकडावर दिसणारा ठिपका म्हणजे भिंगांनी उमटवलेली त्या फटीची प्रतिमाच होय. फट 40 मायक्रॉन लांब, झोत समांतर करणारे भिंग 4 मिलिमीटर नाभीय अंतराचे आणि शेवटचे भिंग 20 मिलिमीटरचे धरले, तर प्रतिमा पाचपट, म्हणजे 0.2 मिलिमीटर लांब पडते. रुंदी मात्र त्याहून पुष्कळ कमी राहते. हा आयत आपल्या लांबीच्या दिशेने सरकला की रेघ बारीक आणि खोल जाते, आडवा सरकला की जाड आणि उथळ. शेवटचे भिंग आखूड नाभीय अंतराचे घेतल्यास ठिपका लहान होतो, पण तो नेमका राहण्याची खोलीही घटते, आणि जाड प्लायला ते परवडत नाही.

आता दोन डायोडांविषयी. झोतांमध्ये 20 अंशांचा कोन असेल, तर ते एकाच उंचीवर भेटतात आणि 3 मिलिमीटर खाली जाईपर्यंत एकमेकांपासून सुमारे 1 मिलिमीटर दूर जातात. अशा मांडणीने कोरीवकाम होईल. कापणी होणार नाही. झोत आधी समांतर करून छोट्या आरशांनी अगदी शेजारी आणावेत आणि एकाच भिंगातून सोडावेत, म्हणजे नाभीवर ते एकावर एक पडतात. बाजारातील अनेक डायोडांचे तयार मॉड्यूल साधारण याच तत्त्वावर चालतात. शक्ती वाढते, पण भिंगात शिरणारा झोत रुंद झाल्याने खोलीची किंमत इथेही थोडी मोजावी लागतेच.

दोनच डायोड असतील, तर ध्रुवणाचा, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेचा उपयोग करणारा मार्ग अधिक चांगला. ध्रुवक घन एका दिशेने ध्रुवित झालेला प्रकाश आरपार सोडतो आणि काटकोनातील दिशेचा परावर्तित करतो, त्यामुळे दोन्ही झोत खरोखर एकाच रेषेत येतात. त्यासाठी एक डायोड 90 अंशांत फिरवण्याचा मोह होतो. तसे केल्यास त्याचा आयतही फिरतो आणि लाकडावर अधिक चिन्हाच्या आकाराचा ठिपका पडतो. उभ्या-आडव्या रेघांतील फरक मिटवायचा असेल तर ते चालेल, एरवी 450 नॅनोमीटरसाठी बनवलेली अर्धतरंग पट्टिका वापरावी. ती ध्रुवण फिरवते, प्रतिमा नाही. त्याच तरंगलांबीचा तिसरा डायोड या पद्धतीने जोडता येत नाही. घनाच्या चौथ्या बाजूने थोडा प्रकाश निसटतोच. तिथे काळ्या, खरखरीत धातूचा अडसर हवा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

झोत जुळवताना प्रवाह कमीत कमी ठेवावा आणि दोन्ही ठिपके जवळच्या कागदावर तसेच चार-पाच मीटरवरच्या भिंतीवरही एकत्र पडतात का, हे पाहावे. एकाच अंतरावर जुळलेले झोत समांतर असतीलच असे नाही. एका ड्रायव्हरवर (डायोडला प्रवाह पुरवणाऱ्या मंडळावर) दोन डायोड समांतर जोडणीत कधीही लावू नयेत, कारण जो अधिक प्रवाह घेतो तो अधिक तापतो, आणि तापल्यावर आणखी प्रवाह ओढतो. नेहमीचा गॉगल येथे निरुपयोगी आहे. 450 नॅनोमीटरसाठीच प्रमाणित केलेला चष्मा हवा.

मात्र एवढा खर्च करण्यापूर्वी नळीतून हवेचा बारीक झोत कापणीच्या जागी सोडून पाहा. धूर आणि काजळी हटली की आहे त्याच डायोडने फेऱ्या कमी होण्याची बरीच शक्यता आहे.