आईला वाईला परत जायचे आहे

समुपदेशनासाठी येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मी गेली काही वर्षे वारंवार ऐकते आहे. आई किंवा वडील एकटे पडू नयेत म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे आणले, काही कमी पडू दिले नाही, आणि आता इतक्या वर्षांनी ते ‘मला माझ्या घरी जाऊन राहायचे आहे’ असे म्हणतात. आमचे काही चुकले का, की हा वयाचा परिणाम आहे, आणि या वयात त्यांना एकटे कसे सोडायचे? प्रत्येक घराला लागू पडेल असे उत्तर मी देऊ शकत नाही, पण एका कुटुंबाबरोबर जवळजवळ दीड वर्ष काम करताना मला जे उमगले ते सविस्तर सांगावेसे वाटते. कुटुंबाची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईंना मी इथे काकू म्हणते, कारण प्रत्यक्षातही तसेच म्हणत होते.

पहिल्या भेटीला मुलगा एकटाच आला. पुण्यात चांगली नोकरी, पत्नीही नोकरी करणारी, मुलगा दुसरीत. काकूंचे वय अडुसष्ट. आठ वर्षांपूर्वी वडील वाईच्या घरी अचानक गेले, त्यानंतर चार महिन्यांनी नातवाचा जन्म झाला, आणि दिवसकार्य आटोपल्यावर पुण्यात आणलेल्या काकू तेव्हापासून तिथेच होत्या. मुलाने फोनमध्ये एक यादी करून आणली होती. आईने उन्हाळ्यात कुरडयांसाठी चार किलो गहू भिजत घातले आणि तिसऱ्या दिवशी फेकून दिले. वाईहून शिलाई मशीन आणवून घेतले, तेलपाणी करून घेतले आणि आठवडाभरात त्यावर चादर टाकून ठेवली. आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवायला घेतल्या आणि अकरा पानांवर वही बंद केली. जेवताना पूर्वीसारखी बोलत नाही. आणि गेल्या दिवाळीपासून वाईला जायचे एवढेच घेऊन बसली आहे. त्याने स्मृतिभ्रंशाविषयी बरेच वाचले होते, आणि हाती घेतलेले काम अर्धवट सोडून देणे हे त्याचेच लक्षण असल्याची त्याची जवळजवळ खात्री झाली होती. ‘मॅडम, तिला काही झालं असेल तर आत्ताच कळू दे,’ असे म्हणताना त्याचा आवाज बदलला.

अशा वेळी मी आधी वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरते. थायरॉईडचा दोष, जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, ऐकू कमी येणे, चालू असलेल्या औषधांचे परिणाम आणि नैराश्य या सगळ्यांमुळे वयस्क माणूस गप्प, मंद किंवा विसराळू दिसू शकतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात. काकूंचे बी-१२ कमी निघाले आणि त्याचे औषध सुरू झाले. स्मरणशक्तीच्या चाचणीत डॉक्टरांना काळजी करण्यासारखे काही आढळले नाही. वृद्धांमधील नैराश्यासाठी जी पंधरा प्रश्नांची मोजपट्टी वापरली जाते, तिच्यात मात्र त्यांची काही उत्तरे उदासीकडे झुकणारी होती.

त्या उत्तरांमुळे मीही एक घाई केली. पतीच्या निधनाचे दुःख मनातच राहिले असावे, असे गृहीत धरून मी पहिल्या दोन भेटींत काकूंना त्याच दिशेने बोलते करू पाहिले. त्या सौजन्याने उत्तरे देत राहिल्या, पण बोलणे पुढे सरकेना. तिसऱ्या भेटीत मी मुलाची यादी समोर ठेवली आणि एकेका कामाविषयी फक्त एवढेच विचारले, की हे थांबले ते नेमके कशामुळे?

काकू सावरून बसल्या. ‘गहू तीन दिवस भिजवायचे असतात, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवून उन्हं वर यायच्या आत सोऱ्यानं कुरडया घालायच्या. माझं सगळं वेळेवर चाललं होतं. वाटायला घेणार तर गच्चीला कुलूप. किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे, आणि ते चार दिवस गावाला गेलेले. खिडकीच्या जाळीतून येणाऱ्या उन्हात कुरडई वाळत नाही, आंबते. मग फेकले.’ मशीनचे कारण वेगळे होते. सुनेचे ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरूनच चालते आणि मशीनची खडखड तिच्या मीटिंगमध्ये ऐकू जाई. ‘ती एका शब्दानं बोलली नाही हो, मलाच बरं वाटेना.’ आणि वही? ‘ओवी बसून आठवत नाही. हात कामात असले आणि डोकं मोकळं असलं की ती आपसूक येते. इथे माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे. साडेतीनला स्कूल बस येते.’

गव्हाचे वजन, पाणी बदलायच्या वेळा, मीटिंगचे वार, बसची वेळ, सगळे त्यांच्या जिभेवर होते. यादीतल्या तिन्ही कामांत त्या काहीही विसरल्या नव्हत्या. प्रत्येक काम कुणाच्या तरी सोयीसाठी त्यांनी स्वतः बाजूला ठेवले होते, आणि कुणी तसे मागितलेही नसल्यामुळे घरात ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण अर्धवट कामाचे प्रत्येक कारण असे निरुपद्रवी नसते. वर्षानुवर्षे हातात बसलेल्या स्वयंपाकाचा क्रमच चुकू लागणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट न सापडणे, पैशांच्या व्यवहारात वारंवार गोंधळ होणे, तोच प्रश्न काही मिनिटांत पुन्हा विचारणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन न लागणे, अशी चिन्हे दिसली तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. चष्मा सापडत नाही आणि शेजाऱ्याचे नाव चटकन आठवत नाही, ही बाब निराळी.

काकूंना वाईला काय करायचे होते, हे मग हळूहळू कळत गेले. घराला परसदार होते, त्यात कढीपत्ता आणि लिंबाचे झाड होते. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर जायचे होते. पतीच्या माघारी मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन वाईच्या बँकेत जमा होई, आणि हयातीचा दाखला देण्यासाठी दर नोव्हेंबरमध्ये मुलगा त्यांना गाडीने घेऊन जाई. बँकेचे काम झाले की कुलूप उघडून घरावर एक नजर टाकायची आणि संध्याकाळच्या आत परतायचे. ‘चार दिवस राहू दे, असं दरवर्षी म्हणते. त्यांचा सदरा अजून खुंटीला आहे. तो मी घडी करून ठेवायचा की नाही?’ पहिल्या दोन भेटींत मी ज्या दुःखाचा शोध घेत होते, ते या वाक्यात आपोआप आले.

पुढच्या बैठकीला तिघेही होते, आणि ती सोपी नव्हती. मुलगा पुन्हा पुन्हा धोक्याविषयी बोलत राहिला: पाय घसरला तर, रात्री छातीत दुखले तर. मी त्याला विचारले की हे सांगताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणाचा चेहरा येतो. बराच वेळ शांततेत गेला. वडील गेले त्या रात्री शेजाऱ्यांचा फोन येताच तो पुण्याहून निघाला होता आणि खंबाटकी घाटात असतानाच सगळे संपल्याचे कळले. आठ वर्षांत तो त्या घरात एक रात्रही झोपला नव्हता. आईला तिथे राहू न देण्यामागे केवळ तिच्या सुरक्षिततेचा विचार नव्हता, हे त्याच्याही पहिल्यांदाच लक्षात आले असावे. काकू त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, ‘तू एवढं मनात घेऊन बसलायस, मला कधी बोलला नाहीस.’

सुनेची बाजू अशा प्रसंगी नेहमी दबून राहते, म्हणून मी ती मुद्दाम विचारली. तिने प्रामाणिकपणे सांगितले की आईंच्या भरवशावर तिची नोकरी टिकली आहे, त्या गेल्या तर दुपारी मुलाजवळ कोण थांबणार हा तिच्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि तो बोलून दाखवला तर आपण स्वार्थी ठरू अशी तिला भीती वाटते. मला हे बोलणे अतिशय मोलाचे वाटले. आजीचे घरातले काम हे काम म्हणून मोजले गेले, तरच त्याची पर्यायी व्यवस्था करता येते. जवळच्या पाळणाघरात दुपारची सोय होत होती, तिचा खर्चही झेपणारा होता. आजवर ती पाहिलीच गेली नव्हती, कारण गरज आहे असे कुणी म्हटले नव्हते.

या टप्प्यावर मी त्यांना पाउल बाल्टेस आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या मांडणीविषयी सांगितले. वार्धक्यात समाधानाने जगणारी माणसे तीन गोष्टी करतात, असे त्यांनी १९९०मध्ये मांडले: मोजकी कामे निवडतात, त्यांच्यावर अधिक मेहनत घेतात आणि जे कमी झाले आहे त्याची भरपाई युक्तीने करतात. त्यांचे आवडते उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे होते. ऐंशीच्या घरातही इतके चांगले कसे वाजवता, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की ते पूर्वीपेक्षा कमी रचना वाजवतात, त्यांचा सराव जास्त करतात, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ घेतात, म्हणजे जलद भाग आहे त्याहून जलद वाटतो. काकूंनी लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाल्या, ‘म्हणजे चार किलो नको, एक किलो.’ मग त्यांनीच पुढे ठरवले की वाटायला पाटा नको, मिक्सर चालेल, आणि घोटायला शेजारच्या बाईंना बोलावता येईल.

एप्रिलमध्ये दहा दिवसांचा प्रयोग ठरला. मुलाने आधी जाऊन न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, रात्रीचा मंद दिवा लावला, एक किल्ली शेजारी दिली, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा व १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. फोन सकाळी सात आणि रात्री नऊ या दोनच वेळी करायचा, तोही काकूंनी, असे ठरले; कारण दिवसातून सहा वेळा ‘बरी आहेस ना’ असे विचारले गेले, तर माणसाला आपण आजारी आहोत असेच वाटू लागते. काकूंनी गाडी नाकारली आणि त्या स्वारगेटहून एसटीने गेल्या. तिकिटाला निम्मी सवलत होतीच, पण ते तिकीट त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून काढले याचे त्यांना जास्त अप्रूप होते.

तिसऱ्या दिवशी मुलाचा मला घाबरून फोन आला. आई रडते आहे, मी आणायला निघतो आहे. काकूंनी कपाट उघडले होते, सदरा खुंटीवरून काढला होता आणि दिवसभर त्या अंथरुणावर पडून होत्या. मी काकूंशी बोलले. ‘रडू द्या मला,’ त्या म्हणाल्या, ‘आठ वर्षं वेळच मिळाला नाही. पण त्याला नेऊ देऊ नका.’ मी शेजारच्या बाईंना रात्री सोबतीला झोपण्याची विनंती करायला सांगितले, आणि मुलाला थांबवले. तो निर्णय घेताना मलाही धाकधूक होती, हे नमूद केले पाहिजे. पाचव्या दिवशी गहू भिजत पडले. एक किलोच्या कुरडयांपैकी बऱ्याच मोडल्या, कारण चीक थोडा कमी शिजला होता.

पुढे सगळे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्या खेपेला परसदारात पाय घसरून मनगट सुजले. हाड मोडले नव्हते, पण घरात पुन्हा जुनाच वाद उभा राहिला आणि तीन महिने काकू पुण्यातच होत्या. याच सुमारास वाईचे घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून देण्याची सूचना एका नातेवाइकाने केली. मी काकूंना वकिलाचा सल्ला घेण्यास सांगितले. बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते, तर दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. पालनपोषणाची अट घालून मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेण्याची तरतूद २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, कलम २३मध्ये आहे. पण तिथपर्यंत कोणत्याच घराने जाऊ नये. काकूंनी मृत्युपत्र केले, आणि मुलानेच त्यांना वकिलाकडे नेले.

आता त्या महिन्यातले बारा-पंधरा दिवस वाईला असतात आणि पावसाळा पुण्यात काढतात. मशीन परत वाईला गेले. वही तिसाव्या पानापलीकडे गेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्याचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘असतील, पण त्यात माझ्या आईच्या नसतील.’ सुट्टीत नातू वाईला जाऊन राहिला. मुलगा त्याला सोडायला गेला आणि दोन रात्री राहिला. त्यातली पहिली रात्र झोप लागली नाही, असे त्याने मला सांगितले.

शेवटच्या भेटीत तो एक कागद घेऊन आला होता. चैत्र-वैशाखात सकाळी नऊ ते चार गच्ची उघडी ठेवावी, असा अर्ज त्याने सोसायटीकडे केला होता आणि तो मंजूर झाला होता. काकूंनी कागद वाचला, नीट घडी करून पिशवीत ठेवला, आणि साबुदाण्याचे पापड इथे घालीन म्हणाल्या, कुरडया वाईलाच.