कोर्टातल्या बदलांमुळे ट्रेडमार्कचा दावा आता लवकर निकाली निघतो का?

तुमचा पुण्यात मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे, ट्रेडमार्क नोंदवलेला आहे आणि नाशिकचा एक जण तेच नाव लावून इन्स्टाग्रामवर माल विकतोय. कमर्शियल कोर्टाचा (व्यापारी वाद चालवणाऱ्या कोर्टाचा) कायदा आला, ट्रेडमार्कची अपिलं ऐकणारं मंडळ बंद झालं, मग दावा लवकर संपेल का, असं तुम्ही विचारलंय.

समोरच्याला ते नाव वापरण्यापासून थांबवणारा मनाई हुकूम लवकर मिळू शकतो, पण कागद पहिल्या दिवशी पुरे असतील तरच. आधी दावा लावून टाकायचा आणि राहिलेले कागद पुढच्या तारखांना जोडत जायचं, ही जुनी पद्धत आता अंगलट येते. माझ्या मते या सगळ्या बदलांचा सर्वात मोठा परिणाम तोच आहे.

2015 च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यात सुरुवातीला 1 कोटी आणि त्यावरचेच दावे येत. 2018 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 3 लाखांवर आली आणि छोट्या उद्योजकांचे दावेही त्यात आले. ट्रेडमार्कची बाजारातली किंमत दावा लावणाऱ्यानेच अंदाजाने मांडायची असते. कोर्ट फी वाचवायला ती 3 लाखांखाली दाखवू नका. असं मूल्यांकन कोर्टाने तपासून घ्यावं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्येच सांगितलं आहे. नोंदणी असल्यामुळे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 खाली तुम्हाला पुण्यातच दावा लावता येईल. नोंदणी नसती, तर या कलमाचा आधार मिळाला नसता.

सर्वात जास्त दावे अडखळतात ते कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12अ पाशी. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे 1,000 रुपये भरून अर्ज करायचा. मुदत 3 महिन्यांची, दोघांच्या संमतीने आणखी 2. समोरचा फिरकलाच नाही, तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा नॉन-स्टार्टर अहवाल मिळतो आणि मग दावा लावता येतो. ही पायरी गाळली, तर वादपत्रच (दाव्याचा मूळ अर्जच) नामंजूर होतं. सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात 20 ऑगस्ट 2022 पासून ते लागू केलं. मध्यस्थी चुकवण्यापुरती तातडी दाखवलेली चालत नाही, हे 2023 च्या यामिनी मनोहर निकालात आलं. म्हणून वादपत्रात तारखा लिहा: बनावट पाकीट पहिल्यांदा कधी दिसलं, नोटीस कधी दिली, त्यानंतरही विक्री चालू आहे का. उल्लंघन चालूच असेल, तर केवळ उशीर झाला म्हणून तातडी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं आहे. तरी सहा महिने हातावर हात ठेवून बसू नका. तूर्तातूर्त मनाईच्या (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या मनाईच्या) सुनावणीत उशीर हा समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा असतो.

आता कागद. तुमच्या ताब्यातले सगळे संबंधित कागद यादीसह वादपत्राबरोबरच द्यावे लागतात, सोबत सत्यतेचं प्रतिज्ञापत्र. तातडीने दावा लावला असेल, तर राहिलेल्या कागदांसाठी परवानगी मागून 30 दिवस मिळतात. त्यानंतर ठोस कारण दाखवावं लागतं. इन्स्टाग्रामच्या स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट पुरत नाही. त्यात पानाचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हवं. त्याचे आता दोन भाग आहेत: भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहायची. मूळ फाइल दुसऱ्या फोनवर पाठवताना व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि हॅश बदलते, म्हणून मूळ फाइल आहे तशीच जपा. एक पाकीट विकत घेऊन बिलासह सीलबंद ठेवा.

प्रतिवादीलाही शिस्त लागली आहे. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत (लेखी उत्तर), फार तर 120 दिवसांपर्यंत. त्यानंतर ती देण्याचा हक्कच जातो. मनाईच्या हुकमावर 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं, पण इतर बहुतेक मधल्या हुकमांवर अपील किंवा रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी) नाही. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण पूर्वी बरीच वर्षं तिथेच जायची. अंतिम निकाल मात्र त्या कोर्टावर किती कामाचा बोजा आहे, त्यावरच अवलंबून आहे.

चेन्नईचं बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल 2021 मध्ये बंद झालं. सदस्यांच्या नेमणुका रखडल्या की तिथलं काम ठप्प व्हायचं. तिथली प्रकरणं उच्च न्यायालयांकडे आली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यासाठी जुलै 2021 मध्ये स्वतंत्र विभाग काढला. तुमच्या दाव्यात याचा संबंध असा येईल: समोरचा म्हणेल, तुमची नोंदणीच चुकीची आहे. कोर्टाला त्यात प्रथमदर्शनी तथ्य वाटलं, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 124 खाली तो वादाचा मुद्दा म्हणून नोंदवून कोर्ट समोरच्याला 3 महिने देतं. तेवढ्यात त्याने उच्च न्यायालयात अर्ज केला नाही, तर मुद्दा सोडून दिला असं धरलं जातं. अर्ज केला, तर त्याच्या निकालापर्यंत पुण्यातली सुनावणी थांबते, पण त्या काळातही कोर्ट मनाई देऊ शकतं. म्हणून मनाईचा अर्ज दाव्याबरोबरच द्या.