एआयचा कोड नको, कागद मागा

तुमचा प्रश्न असा आहे: महापालिका किंवा पोलीस एआय वापरायला लागले, तर ‘सगळं पारदर्शक ठेवू’ या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?

शब्दावर ठेवूच नका. कागद मागा, आणि नेमके मागा.

कोड जाहीर करा, ही मागणी वरचेवर होते. पण एक्स्प्रेसवेवरच्या एआय कॅमेऱ्यामुळे सीटबेल्टचं चलान आलेल्या माणसाला कोड घेऊन काय करायचंय? त्याला फोटो हवा. चलान निघण्यापूर्वी तो फोटो कुणी डोळ्यांनी पाहिला का, आणि हरकत कुणाकडे घ्यायची, हे त्याला कळायला हवं. ॲम्स्टरडॅमने २०२० मध्ये अल्गोरिदमची, म्हणजे निर्णय सुचवणाऱ्या संगणकीय पद्धतींची, सार्वजनिक नोंदवही सुरू केली. कुठली यंत्रणा कोणता डेटा वापरते आणि माणूस कुठे तपासतो, हे तिथे साध्या भाषेत वाचता येतं. पार्किंग तपासणीचीही त्यात नोंद आहे.

त्याच नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांना फसवे ठरवून वसुली लावली गेली. संशयित निवडायला अल्गोरिदम होता आणि त्यात नागरिकत्व हाही निकष होता. आपल्यालाच का धरलं, हे पालकांना कुणी सांगेना. मागितलेल्या फाइली हाती आल्या त्या पानंच्या पानं काळी करून. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. हे वाचताना मला अजून संताप येतो, कारण त्या आई-बापांना कारण वेळेवर मिळालं असतं तर किती घरं वाचली असती!

आपल्याकडे कारण मागायचा हक्क आधीपासून आहे. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४(१)(घ): प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. निर्णय यंत्राने सुचवला म्हणून यातून सूट मिळत नाही. कंपनीचं व्यापारी गुपित आहे असं उत्तर आलं, तर ते कलम ८(१)(घ) असतं. पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हेही त्याच कलमात लिहिलंय. अपिलात ते वाक्य जसंच्या तसं टाका.

अर्जात ‘यंत्रणा विश्वासार्ह आहे का’ असं विचारू नका, कारण मत मिळत नाही, अभिलेख मिळतो. कार्यादेश, करारातली अचूकतेची अट, चाचणी अहवाल आणि हरकतीनंतर रद्द झालेल्या चलानांची महिनावार संख्या मागा. माझ्या मते यातला शेवटचा आकडा सगळ्यात बोलका, आणि तो न मागता दरमहा जाहीर व्हायला हवा.

पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली पाहण्याची सोय सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्याने ती इतर कार्यालयांना लागू केली. तुमच्या कार्यालयात ती सोय चालू असेल, तर एआयच्या कंत्राटांच्या फाइलीही तिथेच मागा. नकार दिला तर लेखी घ्या.

वाहतूक कॅमेरे आणि मिळकतकर यांचे अर्ज वेगळे लिहावे लागतात. तुमचं प्रकरण कुठलं ते कळवा, मसुदा करून देतो.